उसन्या डोळ्यांचे शहर

गेल्या वर्षी जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस पडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात मधोमध एक काळसर डाग दिसू लागला. आधी वाटले, काचेवर धूळ असेल. काच पुसली, डाग तिथेच. तासाभराने पाहते तर डागाच्या कडांना नेच्याच्या पानासारख्या शाखा फुटलेल्या. तेव्हा पोटात गोळा आला. ते दव होते आणि ते गोठत चालले होते. सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप, म्हणजे सेन्सर, उणे सत्तर अंशांवर ठेवलेली असते; तिच्या निर्वात कप्प्यात पुण्याची पावसाळी हवा शिरली होती.

कप्प्याला सील करणारे एक रबरी कडे असते, ओ-रिंग. ती वर्षानुवर्षे दाबाखाली राहून कडक झाली होती आणि एका जागी चिरली होती. बिघाड एवढाच. कॅमेरा परदेशी बनावटीचा. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाले, ‘मॅडम, उघडू नका, उघडलात तर फॅक्टरी दुरुस्तीला घेणार नाही.’ मग दुरुस्तीसाठी बाहेर जातो आहे आणि परत येणार आहे याची कस्टम्सची कागदपत्रे, विमा, वरून मंजुरी, पुन्हा कोटेशन, पुन्हा मंजुरी. जाऊन यायला सात महिने लागले. आमच्याकडे एका विद्यार्थिनीचे पीएचडीचे चौथे वर्ष चालू होते. ती रोज सकाळी येऊन जुनाच डेटा पुन्हा पुन्हा चाळत बसायची. मला ते पाहवत नसे. फेब्रुवारीत पेटी आली, तिच्यातल्या कागदावर एकच ओळ होती: सील बदलले, निर्वात केले, तपासले.

मी वीस वर्षांहून अधिक काळ पुण्यात वैज्ञानिक उपकरणांची देखभाल करते. या काळात माझ्या हाताखालून गेलेला एकही वैज्ञानिक सेन्सर भारतात बनलेला नव्हता. (‘संवेदक’ हा शब्द मला आवडतो, पण लॅबमध्ये सगळे सेन्सरच म्हणतात, म्हणून इथेही तेच.) माझे म्हणणे असे आहे की या शहराने आता कॅमेरे नुसते विकत घेत राहणे थांबवावे. सेन्सरची चिप उद्या हिंजवडीत बनू लागेल, असे मी म्हणत नाही. पण सेन्सर तपासणे, थंड करणे, त्याच्यातला विद्युतभार वाचणारी इलेक्ट्रॉनिक्स बनवणे, तो उघडून दुरुस्त करणे आणि पुढे त्याचा आराखडा करणे ही सगळी कामे इथे होऊ शकतात. त्यासाठी सार्वजनिक पैशातून चालणारी, सगळ्या संस्थांना आणि कॉलेजांना खुली असलेली एक सेन्सर प्रयोगशाळा पुण्यात उभी राहिली पाहिजे.

‘मोबाइलमध्ये पन्नास मेगापिक्सेल मिळतात. तुमच्या कॅमेऱ्यात एकच मेगापिक्सेल, आणि किंमत फ्लॅटच्या डाउन पेमेंटएवढी, हे कसे?’ हा प्रश्न मला परचेस कमिटीच्या बैठकीत विचारला गेला आहे आणि मामेबहिणीच्या लग्नात पंगतीतही. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नीट दिले नाही तर पुढचे सगळे बोलणे वाया जाते.

मोबाइल तुम्हाला आवडेल असे चित्र देतो. रात्री काढलेला शनिवारवाडा तो उजळवतो, कडा धारदार करतो, त्वचेवरचे डाग पुसतो, पाठोपाठ काढलेले अनेक फोटो एकमेकांवर बसवून त्यांचा एक करतो. त्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची नक्षी असते. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी १९७६ साली पेटंट मिळवले, तीच ही नक्षी. तिच्यामुळे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांकडे पाहून अंदाजाने भरले जातात. घरच्या फोटोला हे सगळे चालते. पण पेशीतल्या एका प्रथिनाला चिकटवलेला रंग दर सेकंदाला किती प्रकाश देतो हे मोजायचे असेल, तर अंदाजाने भरलेला आकडा हा खोटा आकडा असतो.

वैज्ञानिक सेन्सरकडे आपण चित्र मागत नाही, मोजमाप मागतो. जितके प्रकाशकण पडले तितक्या प्रमाणात आकडा मिळाला पाहिजे; आज, उद्या आणि दहा वर्षांनी तोच मिळाला पाहिजे. जुन्या फोटोग्राफीच्या काचेवर शंभर प्रकाशकण पडले तर एखाद-दुसऱ्याचीच नोंद व्हायची. मागच्या बाजूने घासून, विरघळवून पंधरा-वीस मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ केलेल्या सिलिकॉनवर त्यातले नव्वदहून अधिक नोंदले जातात. मोबाइलचा पिक्सेल साधारण एका मायक्रॉनचा किंवा त्याहूनही लहान असतो. दुर्बिणीवरचा बारा ते पंधरा मायक्रॉनचा, म्हणजे क्षेत्रफळाने शंभर-दोनशे पटींनी मोठा. शिवाय सिलिकॉन गप्प बसत नाही. अंधारातही उष्णतेने त्याच्यात इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि ते प्रकाशाने सुटलेल्यांसारखेच दिसतात. तापमान सहा-सात अंशांनी उतरवले की हा अंधारातला प्रवाह साधारण निम्मा होतो. म्हणून खोलीच्या तापमानावरून उणे शंभरच्या आसपास नेले की तो लाखो पटींनी आटतो, आणि म्हणूनच ती निर्वात कुपी, तो कूलर, ती ओ-रिंग. किमतीतला मोठा वाटा या सगळ्याचा असतो, निव्वळ चिपचा नव्हे. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे त्याचे काम आहे.

चिप कशी चालते हेही थोडे सांगते, कारण वाद समजायला ते लागते. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या प्रकारच्या सेन्सरची कल्पना मांडली. २००९ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. स्लॅब टाकताना माणसे रांगेने उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात ना, तसे सीसीडीमध्ये प्रत्येक पिक्सेलमधला विद्युतभार शेजाऱ्याकडे, त्याच्याकडून पुढच्याकडे असा सरकत कोपऱ्यातल्या एकाच मोजणाऱ्यापर्यंत जातो. मोजणारा एकच असल्यामुळे सगळ्यांना माप सारखे. पण हात फार सच्चे लागतात. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना लाखातला एकच इलेक्ट्रॉन सांडला, तरी ४,०९६ हातांनंतर शंभरातले चार गळालेले असतात. खगोलशास्त्रातले चांगले सीसीडी याहूनही कमी सांडतात. माणसाने बनवलेल्या वस्तूंत इतकी सचोटी मी फार कमी पाहिली आहे.

सीमॉस हा सेन्सरचा दुसरा प्रकार. त्यात प्रत्येक पिक्सेलपाशीच छोटा मोजणारा बसवलेला असतो, त्यामुळे काम भराभर होते. १९९०च्या दशकात एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीमध्ये हे सेन्सर घडवले, यानांवरचे कॅमेरे हलके आणि कमी विजेवर चालावेत म्हणून. तुमच्या खिशातला मोबाइल त्याच घराण्यातला. सुरुवातीला लाखो मोजणाऱ्यांची मापे जुळायची नाहीत. २००९ साली वैज्ञानिक कामासाठीचे सीमॉस सेन्सर जाहीर झाले आणि मग सूक्ष्मदर्शकांचे जग पाहता पाहता बदलले. २०१५ साली सोनीने आपण सीसीडीचे उत्पादन थांबवणार असल्याचे ग्राहकांना कळवले. ज्या प्रयोगशाळांचे दहा-दहा वर्षांचे मोजमाप एका विशिष्ट चिपवर बेतलेले होते, त्यांचे काय, हा प्रश्न त्या निर्णयात कुठे नसणार. व्यापाऱ्याने तो का विचारावा? पण आपण तरी विचारला पाहिजे.

आता पुण्याकडे पाहा. विद्यापीठाच्या आवारात आयुका (खगोलशास्त्र) आणि एनसीसीएस (पेशीविज्ञान), तिथून पाषाणकडे निघाले की एनसीएल (रसायनशास्त्र), आयसर (विज्ञानशिक्षण आणि संशोधन), आयआयटीएम (हवामान), सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्सचे पदार्थ), आणि शहरात एनआयव्ही (विषाणू). रोज प्रकाश किंवा इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या इतक्या संस्था इतक्या जवळजवळ असलेली शहरे देशात थोडीच. कोरोनाच्या पहिल्या भारतीय रुग्णाच्या नमुन्यातल्या विषाणूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले चित्र २०२० साली एनआयव्हीतूनच आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्या विषाणूच्या काटेरी प्रथिनाची रचना अमेरिकेत उलगडली, ती क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, म्हणजे नमुना गोठवून इलेक्ट्रॉनने पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने. या पद्धतीला २०१७चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिच्यात इतकी बारीक नजर आली, त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे इलेक्ट्रॉन थेट टिपणारे सीमॉस सेन्सर. लस बनवण्यात पुण्याचे नाव जगात झाले. लस कशावर रोखायची हे ज्या डोळ्यांना दिसते, ते मात्र आपण बाहेरून आणतो.

आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या ठिकाणी पोहोचले. त्यावरची ‘सूट’ ही दुर्बीण आयुकाच्या पुढाकाराने घडली. ती सूर्याचे पूर्ण बिंब २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात पाहते, अकरा गाळण्या बदलत. यातला बराच प्रकाश ओझोनमुळे जमिनीवर पोहोचतच नाही. असा प्रकाशकण सिलिकॉनमध्ये शिरला की अवघ्या दहा नॅनोमीटरच्या आसपास संपतो, त्यामुळे पृष्ठभागावरची प्रक्रिया जरा बिघडली तर सुटलेला इलेक्ट्रॉन तिथल्या तिथेच हरवतो. ४,०९६ गुणिले ४,०९६ पिक्सेलचा हा सेन्सर इंग्लंडमधल्या कारखान्यातून आला. त्या दुर्बिणीचा मला अतोनात अभिमान आहे. सूर्याची पहिली चित्रे डिसेंबर २०२३मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा मी ती घरातल्या सगळ्यांना दाखवली, सासूबाईंनाही. पण अभिमानाबरोबर हेही कळत होते की तो सेन्सर देणाऱ्याने नाही म्हटले असते, तर आपल्याकडे दुसरा दरवाजा नव्हता.

नाही म्हणण्याची सोय जगाने करून ठेवलेली आहे. चांगले अवरक्त सेन्सर आणि काही खास कॅमेरे युद्धातही कामाला येतात, म्हणून ते निर्यात-नियंत्रणाच्या यादीत असतात. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने कितीतरी भारतीय संस्थांना अशा याद्यांत घातले होते. २०१७ साली आपण अशा निर्यातीचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या गटाचे, वासेनार व्यवस्थेचे, सदस्य झालो, वातावरण निवळले, तरी परवान्याचा कागद अजूनही लागतो. कॅमेरा नेमका कोण वापरणार, कशासाठी, दुसऱ्या कोणाला देणार नाही ना, असे फॉर्म मी स्वतः भरले आहेत. उसना डोळा घेतला की आपण काय पाहतो आहोत हे त्याच्या मालकाला आधी सांगावे लागते.

हे अटळ आहे असे कोणी म्हणाले की मी त्यांना नारायणगावला जायला सांगते. तिथून खोडदकडे वळले की शेतांमधून जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसू लागतात. ४५ मीटर व्यासाच्या तीस, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ती उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न होता की एवढ्या मोठ्या तबकड्या आपल्याला परवडतील कशा. त्यांनी जड पत्र्याऐवजी स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांसारख्या ताणांवर बसवण्याची युक्ती काढली. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका करता आला. मीटरभर लांबीच्या रेडिओलहरींना ती जाळी आरशासारखीच. तबकड्या इथे उभारल्या, रिसीव्हरचे मोठे काम इथेच झाले, आणि आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिथे वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. त्याच बाजूला, आंबेगाव तालुक्यातल्या गिरवलीच्या डोंगरावर २००६पासून आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे. एकाच मुलखात रेडिओलहरी टिपणारा कान आपण स्वतः घडवला आणि प्रकाशासाठी डोळा मात्र बाहेरून आणला. पहिले जमले होते, हे दुसऱ्याबद्दल बोलताना आपण विसरतो.

आणि दुसऱ्याचीही सुरुवात झालेली आहे. आयुकाच्या इंजिनिअरांनी ‘आयडीसॅक’ नावाचा कंट्रोलर, म्हणजे सेन्सर चालवून वाचणारी इलेक्ट्रॉनिक्स, बनवला आहे. सेन्सरमधून येणारा क्षीण संकेत एकेका पिक्सेलसाठी अनेक वेळा मोजायचा आणि डिजिटल हिशेबाने त्यातला गोंगाट कमी करायचा, अशी त्याची रीत. तो एकाच कंपनीच्या चिपला बांधलेला नाही, निरनिराळे सेन्सर त्याला जोडता यावेत अशीच त्याची रचना आहे. मघाशी म्हटले की किमतीतला मोठा वाटा चिपच्या भोवतालचा असतो. त्या भोवतालातला सगळ्यात अवघड तुकडा पुण्यात बनतो, आणि हे पुण्यातल्याच किती प्रयोगशाळांना माहीत आहे? मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकले होते. दोष त्यांचा नाही. खगोलवाल्यांचे कॅमेरे वेगळे, जीवशास्त्रवाल्यांचे वेगळे, आणि दोघांनी एकत्र बसावे अशी जागाच नाही.

मला ती जागा हवी आहे. तिथे काय असेल? पूर्ण काळोख करता येईल अशी खोली. आतून पांढरा मुलामा दिलेला एक पोकळ गोल, ज्याच्या तोंडातून सगळीकडे सारखा प्रकाश बाहेर पडतो. प्रकाश मोजणारा, प्रमाणित केलेला फोटोडायोड. व्हॅक्यूम पंप आणि हेलियमने गळती शोधणारे यंत्र. केसापेक्षा बारीक सोन्याची तार जोडणारे मशीन, स्वच्छ हवेचे टेबल. आणि दोन-चार माणसे, ज्यांची नोकरी तीन वर्षांच्या प्रोजेक्टवर टांगलेली नसेल. माझ्या हिशेबाने हे सगळे एका क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या किमतीपेक्षा कमीत बसते. यातली माणसांची अट मी सर्वांत महत्त्वाची मानते. सेन्सर हाताळणारा हात तयार व्हायला पाच-सात वर्षे जातात, आणि तयार झाला की प्रोजेक्ट संपलेला असतो. असे तीन तरुण मी आयटीत जाताना पाहिले आहेत. त्यातल्या एकाला तर मी थांब म्हणायलाही धजले नाही, कारण देण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

अशा जागेत पहिल्या दिवसापासून काय करता येईल, याचे एक उदाहरण देते, कारण यंत्रे नसतानाही मी ते मुलांकडून करून घेतले आहे. एका सुट्टीत बीएस्सीच्या चार मुली शिकायला आल्या होत्या. त्यांच्या हातात एक जुना, भंगारात निघालेला कॅमेरा दिला आणि विचारले, याच्या एका आकड्यामागे किती इलेक्ट्रॉन आहेत ते शोधा. त्या चकित झाल्या. इलेक्ट्रॉन कसे मोजायचे? बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जाऊन त्यांनी एक एलईडी आणि तिला स्थिर करंट देणारे सर्किट जुळवायचे भाग आणले, समोर ट्रेसिंग पेपर लावला आणि लागोपाठ दोन फोटो घेतले. दोन्ही दिसायला सारखेच. मग एकातून दुसरा वजा केला. कागदाचा पोत, काचेवरची धूळ, दिव्याचा कमी-जास्तपणा, सगळे दोन्हीत सारखे असल्याने गेले. उरला तो फक्त प्रकाशकणांच्या येण्यातला अनियमितपणा. प्रकाशकण पावसाच्या थेंबांसारखे येतात. सरासरी दहा हजार येणार असतील तर दर वेळी शंभराच्या आसपास इकडे-तिकडे होतात, म्हणजे वर्गमुळाइतके. हा नियम निसर्गाचा आहे, तो कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकावर अवलंबून नाही.

आता हिशेब सोपा. वजाबाकीत दोन फोटोंचा अनियमितपणा एकत्र आलेला असतो, म्हणून आकड्यांचा विचरण-वर्ग (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) काढून तो निम्मा केला. सरासरी आकडा आला ५,०००, विचरण-वर्ग आला २,५००. एकाला दुसऱ्याने भागले, उत्तर दोन. या कॅमेऱ्याच्या प्रत्येक आकड्यामागे दोन इलेक्ट्रॉन. मग दिवा कमी-जास्त करत त्यांनी आलेख काढला, आणि तो एका ठिकाणी वाकून खाली आला तेव्हा पिक्सेल कितीला भरून वाहतो तेही कळले. त्यातली एक मुलगी, मंचरची, आलेखाकडे पाहत म्हणाली, ‘ताई, म्हणजे कंपनीचं खरं की खोटं हे आपण घरी बसून सांगू शकतो.’ सांगू शकतो. आणि जे मोजता येते त्याची भीती जाते, भीती गेली की माणूस स्क्रू उघडतो.

उघडण्याबद्दलही सांगते. फेब्रुवारीत कॅमेरा परत आल्यावर मी ठरवले की पुढच्या वेळी सात महिने थांबायचे नाही. सरावासाठी एक छोटी निर्वात कुपी बनवायला घेतली आणि भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये फ्लँज (कुपीच्या तोंडावरची धातूची कडी) करायला दिली. ओ-रिंग बसते त्या खाचेचा पृष्ठभाग फार महत्त्वाचा. गोलाकार रेघा चालतात, कारण त्या रिंगच्या बरोबरीने फिरतात. पण आडवी एक रेघ पडली की आतल्या-बाहेरच्या हवेला वाट मिळाली. मी हे समजावून सांगायला सुरुवात केली तर लेथवरच्या दादांनी नुसते नख खाचेवरून फिरवले, थांबले, आणि म्हणाले, ‘नख अडकतंय मॅडम, पुन्हा घेतो.’ हेलियमच्या तपासणीत ती फ्लँज पहिल्या फटक्यात पास झाली. असे नख पिंपरी, भोसरी, चाकणमध्ये हजारो आहेत. त्यांना आपण गाड्यांचे सुटे भाग करायला लावतो, ते करतातच. पण विज्ञानाने त्यांचे दार किती वेळा ठोठावले?

यावरचे आक्षेप मला माहीत आहेत. बाजार लहान आहे, एवढ्याशा मागणीसाठी कोण चिप बनवेल, हा पहिला. पण सीमॉस सेन्सर यानांसाठी आधी झाला आणि मोबाइलमध्ये नंतर गेला. मागून पातळ करण्याची युक्तीही आधी दुर्बिणींसाठी वापरात आली, बाजाराने ती मागाहून उचलली. दुसरा आक्षेप, आपल्याकडे दोन-तीन नॅनोमीटर म्हणवणाऱ्या अतिसूक्ष्म चिपांचे कारखाने नाहीत. वैज्ञानिक सेन्सरला ते लागतही नाहीत, उलट पिक्सेल मोठा हवा असतो. युरोपातल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या ॲलिस प्रयोगाच्या गाभ्यात साडेबारा अब्ज पिक्सेलचा, दहा चौरस मीटरच्या आसपास पसरलेला सेन्सर आहे, तो १८० नॅनोमीटरच्या तंत्राने बनलेला आहे. भारतीय संस्थाही त्या प्रयोगात आहेत. मोहालीतल्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीकडे १८० नॅनोमीटरचीच उत्पादनव्यवस्था आहे. सेन्सरसाठी तिच्यात वेगळ्या पायऱ्या घालाव्या लागतात आणि त्या सोप्या नाहीत, हे मी मान्य करते. पण अंतर आपल्याला सांगितले जाते तेवढे नाही. १९८९च्या आगीत मोहालीचा कारखाना जळाला आणि देशाची कितीतरी वर्षे गेली, ती पुन्हा घालवायची नसतील तर तिथल्या यंत्रांना काम देणारे आराखडे कोणीतरी करायला हवेत. ते पुण्यात होऊ शकतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो: संशोधकाला सर्वोत्तम साधन हवे, देशी प्रयोगाचे ओझे त्याच्या पीएचडीवर का? बरोबर आहे. अवरक्त सेन्सर, इलेक्ट्रॉन थेट टिपणारे सेन्सर आज बाहेरूनच आणावेत, कोणाच्याही कामात खोळंबा करू नये. म्हणूनच मी सक्तीच्या विरोधात आहे. २०२० साली २०० कोटींपर्यंतच्या खरेदीला जागतिक निविदा बंद केल्या गेल्या, तेव्हा देशात न बनणाऱ्या वस्तूंसाठीही संस्थांना फेऱ्या घालाव्या लागल्या. जून २०२५मध्ये वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना यातून सवलत मिळाली, ते योग्यच झाले. जुलै २०२२मध्ये मात्र संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची पाच टक्के जीएसटीची सवलत काढून घेतली गेली, आणि बहुतेक उपकरणांवर अठरा टक्के लागू लागले. दार बंद करून आणि कर वाढवून कौशल्य तयार होत नाही. डिसेंबर २०२१मध्ये मंजूर झालेल्या ७६,००० कोटींच्या सेमीकंडक्टर कार्यक्रमात सेन्सरच्या कारखान्यांचाही समावेश आहे. चर्चा सगळी गुजरातेतल्या धोलेराच्या चिप-कारखान्याची होते. त्या रकमेतला एक बारीकसा तुकडा चाचणी आणि आराखड्याच्या प्रयोगशाळेकडे वळला, तरी पुण्याचे काम सुरू होईल.

तोवर आपल्या हातात टेंडर आहे. आमच्या पुढच्या कॅमेऱ्याचे टेंडर येत्या महिन्यात निघते आहे, आणि मी त्यात चार अटी लिहून दिल्या. कच्चा डेटा कोणतीही प्रक्रिया न करता मिळाला पाहिजे. गेन (एका आकड्यामागे किती इलेक्ट्रॉन), गोंगाट आणि अंधारातला प्रवाह आमच्यासमोर, आमच्या दिव्याने मोजून दाखवला पाहिजे. निर्वात कप्पा उघडून बंद करण्याचे प्रशिक्षण आमच्या दोन माणसांना दिले पाहिजे, आणि त्यानंतरही दुरुस्तीची जबाबदारी राहिली पाहिजे. ओ-रिंगचे माप आणि रबराचा प्रकार लेखी दिला पाहिजे. कमिटीने पहिल्या दोन ठेवल्या. तिसरी आणि चौथी घातली तर विक्रेते येणार नाहीत, म्हणून त्या काढाव्यात असा शेरा मारून फाइल माझ्याकडे परत आली. मी दोन्ही अटी पुन्हा लिहिल्या, गोठलेल्या डागाचा फोटो जोडला, आणि फाइल काल संध्याकाळी परत पाठवली आहे.